जे भाग उरलेच नाहीत ते बघायचे कसे?

मागच्या अंकात मी 'डॉक्टर हू' या बीबीसीच्या जुन्या सायन्स फिक्शन सिरीयलबद्दल, म्हणजे काळातून मागेपुढे फिरणाऱ्या 'डॉक्टर' नावाच्या प्रवाशाच्या गोष्टींबद्दल लिहिलं होतं, की नवीन सीझन बघून झाले असतील तर एकदा मुळाशी जा, १९६३ पासून सुरू करा, ब्लॅक अँड व्हाइटला घाबरू नका. त्यावर पत्रं आणि मेसेज इतके आले की या वेळचं अख्खं पान त्यालाच देतेय, आणि गंमत म्हणजे जवळजवळ सगळे एकाच जागी येऊन अडकलेत: मधले एपिसोड गायब आहेत, त्यांचं काय करायचं?

प्रश्न (नाशिक): ताई, तुमचं वाचून पहिल्यापासून बघायला घेतलं. गुहेतली माणसं झाली, ते पत्र्याच्या कवचातले दुष्ट डॅलेक झाले, तिसरी दोन भागांची छोटी गोष्ट पण झाली. चौथी 'मार्को पोलो', सात भागांची, आणि त्यातला एकही भाग शिल्लक नाही म्हणे! फक्त स्थिर फोटो आणि मागे आवाज असं काहीतरी मिळालं. ते बघू का सरळ पाचव्या गोष्टीवर जाऊ?

उत्तर: नका हो जाऊ पुढे. मीही पहिल्यांदा हेच केलं होतं, गेलेले भाग सोडून उरलेले बघितले, आणि पुढे कित्येक दिवस मला वाटायचं की ही सिरीयल म्हणजे नुसते पत्र्याचे रोबो आणि कॉरिडॉरमधली धावपळ. 'मार्को पोलो' ऐकली आणि ते मत पार बदललं.

ही गोष्ट १९६४ च्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये दाखवली गेली. डॉक्टर, त्याची नात सुझन आणि तिचे दोन शिक्षक इयन आणि बार्बरा हे पामीरच्या बर्फात अडकतात, तिथे त्यांना मार्को पोलो भेटतो, आणि मग त्याच्या काफिल्याबरोबर गोबीच्या वाळवंटातून थेट कुबलाई खानाच्या दरबारापर्यंत प्रवास. आता मुद्दा असा की या गोष्टीत मार्को मधेमधे आपली रोजनिशी वाचून दाखवतो आणि पडद्यावर नकाशावरून रस्ता पुढे सरकत जातो, त्यामुळे चित्र नसलं तरी आपण कुठे आहोत, किती दिवस गेले, पाणी किती उरलंय हे सगळं कानाने कळतं. दुसऱ्या भागात रात्री वाळूचं वादळ येतं ना, ते डोळे मिटून ऐका.

आणि ते फोटो आहेत म्हणजे काय आहेत तेही सांगते, कारण ते कळलं की बघायची नजरच बदलते. त्या काळी लंडनमध्ये जॉन क्युरा नावाचा एक फोटोग्राफर होता, तो घरी टीव्हीसमोर कॅमेरा लावून चालू कार्यक्रमाचे फोटो काढायचा, एकेका भागाचे साठ-सत्तर, आणि ते नटांना, दिग्दर्शकांना विकायचा. व्हिडिओ नव्हता, रेकॉर्डिंग घरी ठेवायची सोय नव्हती, मग आपलं काम आपल्याकडे राहावं म्हणून लोक ते विकत घ्यायचे. त्यांना टेलिस्नॅप म्हणतात. 'मार्को पोलो'चे टेलिस्नॅप मिळाले ते वारिस हुसेन यांच्या खासगी संग्रहातून. हे वारिस हुसेन म्हणजे 'डॉक्टर हू'च्या अगदी पहिल्या गोष्टीचे दिग्दर्शक, जन्म लखनौचा, लहानपणीच इंग्लंडला गेले, आणि ती पहिली गोष्ट केली तेव्हा वय फक्त २४! 'मार्को पोलो'चे सातपैकी सहा भाग त्यांचे, चौथा दुसऱ्या दिग्दर्शकाचा. म्हणून सहा भागांचे फोटो आहेत आणि नेमके चौथ्याचे नाहीत. तुमच्या रिकन्स्ट्रक्शनमध्ये, म्हणजे फोटो आणि आवाज जोडून केलेल्या त्या आवृत्तीत, चौथ्या भागात चित्र जरा वेगळं, इकडून तिकडून जमवल्यासारखं वाटलं तर कारण हे आहे.

एक गोष्ट खटकेल, आणि खटकायलाच हवी. मंगोल आणि चिनी पात्रं बहुतेक गोऱ्या नटांनीच मेकअप करून केलीयत. ते तेव्हा सर्रास चालायचं म्हणून आज डोळ्याआड करायचं असं मला नाही वाटत.

प्रश्न (ठाणे): बीबीसीसारख्या संस्थेनं स्वतःचे कार्यक्रम पुसून टाकले? वाचून संताप आला.

उत्तर: संताप मलाही येतो, पण त्यात कुणी एक दुष्ट माणूस नव्हता हो. दोन इंच रुंदीची व्हिडिओटेप प्रचंड महाग, एकदा दाखवून झालं की पुसून परत वापरायची हीच पद्धत. नटांच्या युनियनबरोबरच्या करारामुळे पुन्हा दाखवण्यावर बंधनं होती, व्हीएचएस वगैरे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं, आणि १९६९ अखेर बीबीसी वन रंगीत झाल्यावर काळ्यापांढऱ्या सिरीयलला कोण विचारणार. परदेशी विकायला १६ मिमी फिल्मवर प्रती काढल्या होत्या, पण एका विभागाला वाटायचं दुसरा विभाग जपतोय आणि दुसऱ्याला वाटायचं पहिला, अशात सत्तरच्या दशकात त्या फिल्मसुद्धा नष्ट झाल्या. हे थांबलं १९७८ मध्ये. पहिल्या सहा वर्षांत २५३ भाग झाले होते, विल्यम हार्टनेल आणि पॅट्रिक ट्राउटन या डॉक्टरचं काम करणाऱ्या पहिल्या दोन नटांचे, गेले ते सगळे त्यातलेच.

प्रश्न (पुणे): चित्र पुसलं तर आवाज कसा काय राहिला? आणि तोही सगळ्या भागांचा?

उत्तर: मला सगळ्यात आवडलेला प्रश्न हाच!

आवाज राहिला तो घरोघरच्या पोरांमुळे. साठच्या दशकात इंग्लंडमधल्या काही मुलांना ही सिरीयल इतकी आवडायची की शनिवारी संध्याकाळी ती लागली की टीव्हीच्या स्पीकरसमोर माईक धरून मोठ्या चकतीच्या टेपरेकॉर्डरवर ती रेकॉर्ड करायची, घरच्यांना गप्प बसवून, कुणी खोकू नका, कुणी दार वाजवू नका. काही जण जास्त हुशार, त्यांनी टीव्हीतूनच वायर काढून थेट रेकॉर्डरला जोडली, त्यामुळे त्यांचा आवाज स्वच्छ आला. उद्या हे नष्ट होणार आहे असं त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं, आठवडाभर परत परत ऐकता यावं एवढंच. आणि अशा मोजक्या घरांतल्या टेप जमवल्या तर काय दिसलं, तर २५३ च्या २५३ भागांचा आवाज आहे! एकही सुटलेला नाही. एवढ्या मोठ्या संस्थेला जे जमलं नाही ते या मुलांनी केलं, आणि खरं सांगते, हे लिहितानाही माझ्या अंगावर काटा येतोय.

नंतर मार्क एअर्ससारख्या साउंडच्या जाणकारांनी एकाच भागाच्या वेगवेगळ्या टेप घेऊन ज्याचा जो तुकडा चांगला तो निवडून साफ केला, आणि जिथे नुसती झटापट आहे, बोलणं नाही, तिथे काय चाललंय हे सांगायला जुन्याच नटांकडून निवेदन घेतलं. 'मार्को पोलो'चं निवेदन विल्यम रसेल यांनी केलंय, म्हणजे खुद्द इयन. म्हाताऱ्या झालेल्या आवाजात ते स्वतःच्याच तरुणपणाची गोष्ट सांगतायत, आणि मधेच तो तरुण इयन बोलायला लागतो.

प्रश्न (डोंबिवली): काही गेलेल्या भागांचं ॲनिमेशन पण आहे. मग फोटो कशाला बघत बसायचे?

उत्तर: ॲनिमेशन वाईट नाही, त्यामागे मेहनत आहे. २००६ मध्ये 'द इन्व्हेजन'च्या दोन गेलेल्या भागांपासून बीबीसीच्या डीव्हीडींवर हे सुरू झालं, मग २०१६ मध्ये 'द पॉवर ऑफ द डॅलेक्स'चे सहाही भाग आले, तेही ५ नोव्हेंबरला, म्हणजे मूळ पहिला भाग लागला त्याला बरोबर ५० वर्षं झाली त्या दिवशी. नंतर 'द मॅक्रा टेरर', 'फ्युरी फ्रॉम द डीप' अशा बऱ्याच गोष्टी झाल्या.

पण माझं मत विचाराल तर आधी टेलिस्नॅपवालं बघा आणि मग ॲनिमेशन. कारण ट्राउटन हा नट चेहऱ्याने आणि हातांनी बोलणारा, त्याचं अर्धं काम न बोललेल्या वाक्यात असतं, आणि ॲनिमेशनमधल्या चेहऱ्यावर ते येत नाही, कसं येणार, चित्रकाराला तरी कुठे माहिताय तो त्या क्षणी काय करत होता. टेलिस्नॅप हलत नाही पण त्यात जो चेहरा आहे तो खरा आहे, त्या संध्याकाळचा आहे. 'पॉवर'मध्ये एक प्रसंग आहे, डॅलेक शास्त्रज्ञासमोर नोकरासारखा गोड बोलतोय, मी तुमचा सेवक आहे, मी तुमचा सेवक आहे, आणि डॉक्टर एकटाच ओरडून सांगतोय की याच्यावर विश्वास ठेवू नका आणि कुणी ऐकत नाही. तो प्रसंग मी तिन्ही प्रकारे अनुभवलाय, नुसता आवाज, फोटो आणि ॲनिमेशन, आणि सगळ्यात जास्त भीती नुसत्या आवाजात वाटली.

'फ्युरी फ्रॉम द डीप'बद्दल एक सांगायचं राहिलं. तिचा एकही पूर्ण भाग नाही, पण दोन माणसं तोंड उघडून विषारी गॅस सोडतात तो भयंकर तुकडा मात्र खराखुरा हलताबोलता आहे, कारण ऑस्ट्रेलियाच्या सेन्सॉरने लहान मुलं घाबरतील म्हणून तो कापून बाजूला ठेवला होता. १९९६ मध्ये तिथल्या सरकारी अभिलेखागारात असे बरेच तुकडे सापडले. जे दाखवू नका म्हटलं तेवढंच वाचलं.

प्रश्न (रीडिंग, इंग्लंड): इथे काही लोक म्हणतात की गेलेल्या भागांचं उगाच कौतुक होतं, सापडले तर साधेच निघतील. तुम्हाला काय वाटतं?

उत्तर: दोन्ही झालंय. 'द टूम्ब ऑफ द सायबरमेन' हाँगकाँगहून चारही भागांसकट परत मिळाली, १९९२ मध्ये व्हीएचएसवर आली, आणि ज्यांनी आठवणीत तिला डोंगराएवढं करून ठेवलं होतं त्यातले काही हिरमुसले. मला आवडते, पण ते असो.

उलटं उदाहरण 'द एनिमी ऑफ द वर्ल्ड'. सहा भागांपैकी वर्षानुवर्षं फक्त तिसरा हाताशी होता, आणि त्यात नेमकं स्वयंपाकघर, बोलाचाली आणि एक वैतागलेला आचारी. त्यावरून लोकांनी ठरवून टाकलं की ही गोष्ट रटाळ. मग २०१३ मध्ये फिलिप मॉरिस या शोधकाला नायजेरियातल्या जोस शहरात फिल्मचे डबे सापडले, एकूण नऊ हरवलेले भाग, त्यात 'एनिमी'चे राहिलेले पाचही. आणि बघतात तर काय, ट्राउटनचा डबल रोल, एकीकडे डॉक्टर आणि दुसरीकडे सालामांडर नावाचा हुकूमशहा, बोलणं वेगळं, चालणं वेगळं! ज्या गोष्टीला शेवटच्या रांगेत बसवलं होतं ती आता कितीतरी जणांच्या आवडत्या यादीत आहे. एक तुकडा हातात घेऊन अख्ख्या गोष्टीवर निकाल देऊ नये हे मी तिथे शिकले.

त्याच डब्यांत 'द वेब ऑफ फिअर' पण मिळाली, पण तिचा तिसरा भाग सोडून. आणि नेमका त्याच भागात कर्नल लेथब्रिज-स्टुअर्ट पहिल्यांदा येतो, जो पुढे ब्रिगेडियर म्हणून कित्येक वर्षं या सिरीयलचा आधार होता. जीव हळहळतो.

प्रश्न (कोल्हापूर): माझा मुलगा ११ वर्षांचा आहे. फोटोवालं लावलं तर पाच मिनिटांत उठून गेला. काय करू?

उत्तर: जाऊ दे त्याला, जबरदस्ती नको. त्याला ॲनिमेशनवाली 'मॅक्रा टेरर' लावून द्या, रंगीत आहे, मोठमोठे खेकडे आहेत. आणि एका वेळी एकच भाग, २५ मिनिटं, पुढचा दुसऱ्या दिवशी. ही गोष्ट आठवड्याला एक भाग अशीच बघायची म्हणून लिहिलेली आहे, सलग सहा बघितले तर मोठी माणसंपण कंटाळतात.

प्रश्न (सोलापूर): आपल्याकडे असं काही झालंय का?

उत्तर: झालंय, आणि फार जवळचं. दादासाहेब फाळक्यांचा १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' चार रिळांचा होता, पुण्याच्या फिल्म अर्काइव्हमध्ये आहेत ती पहिलं आणि शेवटचं. मधली दोन गेली. आणि तो मूकपट, त्यामुळे आवाज रेकॉर्ड करून ठेवणारी पोरंही तिथे असू शकत नव्हती.

प्रश्न (नागपूर): मी आंधळा आहे, वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर वापरून तुमचं पान ऐकतो. फोटो माझ्या कामाचे नाहीत. कुठून सुरुवात करू?

उत्तर: दादा, तुम्ही 'द मॅसॅकर' घ्या. १९६६ ची, चार भाग, १५७२ सालचं पॅरिस, कॅथलिक आणि प्रोटेस्टंट एकमेकांच्या जिवावर उठलेत आणि डॉक्टरचा सोबती स्टीव्हन त्या शहरात एकटा पडलाय. या गोष्टीचा एकही भाग नाही, हलता तुकडा नाही आणि टेलिस्नॅपही नाहीत. म्हणजे ती आम्हाला जशी मिळते तशीच तुम्हाला, आवाजातून. हार्टनेल यात डॉक्टरही आहे आणि ॲबट ऑफ अँबॉइज नावाचा धर्मगुरूही, आणि तो ॲबट बोलतो तेव्हा हा खरंच धर्मगुरू आहे का डॉक्टरच सोंग घेऊन बसलाय, हे स्टीव्हनसारखंच आपल्यालाही ठरवता येत नाही. स्टीव्हनचं काम केलेले पीटर पर्व्हस यांचंच निवेदन असलेली आवृत्ती शोधा. आणि चौथ्या भागात डॉक्टर एकटा राहतो आणि आपल्याला सोडून गेलेल्या एकेका सोबत्याचं नाव घेतो, तिथे घाईने बंद करू नका, शेवटपर्यंत ऐका. ऐकून झालं की मला कळवा नक्की, तुम्हाला तो ॲबट पहिल्या वाक्याला कोण वाटला ते मला ऐकायचंय.