शार्क पाण्याखाली गेला की रिमोटला दाद का देत नाही

तुम्ही बनवलेला, रिमोटवर चालणारा मीटरभर लांबीचा शार्कचा मॉडेल पृष्ठभागालगत छान पोहतो, पण डोके खाली घालून हातभर खोल गेला की रिमोटला दाद देत नाही. शेपूट मात्र त्याच लयीत हलत राहते आणि तो तळ्याच्या काठावर जाऊन आदळतो. अधिक शक्तीचा ट्रान्समीटर किंवा मोठी अँटेना घेतल्यास हे थांबेल का, असे तुम्ही विचारले आहे. नेमक्या याच त्रासातून मी गेलो असल्यामुळे सविस्तर लिहितो. डबा जलरोधक करणे, सर्वो (पर आणि शेपूट हलवणाऱ्या छोट्या मोटारी) निवडणे आणि सिलिकॉनचे कातडे ओतणे तुम्हाला उत्तम साधले आहे, हे तुमच्या छायाचित्रांवरून दिसते, म्हणून ते सगळे सोडून देतो.

शक्ती वाढवून काहीही हाती लागणार नाही. तुमचा संच २.४ गिगाहर्ट्झचा आहे. या वारंवारितेला पाण्याचे रेणू लहरींची ऊर्जा झपाट्याने शोषून घेतात. मायक्रोवेव्ह भट्टीत अन्नातले पाणी तापते तेही २.४५ गिगाहर्ट्झवरच. गोड्या पाण्यात दर सेंटीमीटरला साधारण अडीच डेसिबल एवढी घट होते (दर दहा डेसिबलला शक्ती दहापट कमी होते), म्हणजे वीस सेंटीमीटरवर पन्नास डेसिबल, म्हणजे मूळ शक्तीचा एक लाखांश भाग उरतो. हवेतून पाण्यात शिरताना पृष्ठभागावरून परावर्तन होऊन जे वाया जाते ते वेगळेच. आता तुम्ही १०० मिलिवॉटच्या जागी १ वॉटचा ट्रान्समीटर लावलात, तर दहापट शक्तीचे तुम्हाला दहा डेसिबल मिळतील, आणि ते दहा डेसिबल चार सेंटीमीटर पाण्यात संपतील. चार सेंटीमीटर जास्त खोलीसाठी एवढा पैसा घालू नका, असे मी आग्रहाने सांगेन.

पाण्याखाली रिमोट चालवायचाच असेल तर उपाय एकच, वारंवारिता खाली आणणे. पाणबुड्यांची चालती मॉडेले करणारे जगभरचे हौशी लोक अजूनही २७, ४० किंवा ७५ मेगाहर्ट्झचे जुने संच जपून वापरतात, ते याच कारणासाठी. इतक्या कमी वारंवारितेला पाण्याचे स्वतःचे शोषण नगण्य असते आणि जी घट होते ती पाण्यात विरघळलेल्या क्षारांमुळे होते. म्हणून आरओ फिल्टर बसवणाऱ्यांकडे असते ते, विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण दाखवणारे, छोटे टीडीएस मीटर आधी विकत घ्या आणि ज्या पाण्यात शार्क सोडणार आहात त्या पाण्यात बुडवून पाहा. २५०च्या आसपास आकडा आला, तर ४० मेगाहर्ट्झवर मीटरमागे साधारण नऊ डेसिबलची घट धरा. आकडा दुप्पट झाला की घटही दुप्पट. दोन मीटर खोलीसाठी हे सहज परवडते. ४३३ मेगाहर्ट्झवर त्याच पाण्यात मीटरमागे सतरा-अठरा डेसिबल जातात, तरीही दीड-दोन मीटरपर्यंत काम होऊ शकते. दख्खनच्या बोअरच्या पाण्यात क्षार बरेच असतात, त्यामुळे बोअरवर भरलेले तळे आणि पावसाच्या पाण्यावर भरलेले तळे यांच्यात मोठा फरक पडू शकतो. मिठापासून क्लोरीन तयार करणाऱ्या पोहण्याच्या तलावांच्या नादी लागू नका, कारण तिथे टीडीएस तीन हजारांच्या पुढे असतो.

समुद्राचा विचार तर सोडूनच द्या. खाऱ्या पाण्यात ४० मेगाहर्ट्झलासुद्धा सेंटीमीटरमागे दोन डेसिबलहून अधिक घट होते, म्हणजे तळ्यातल्या २.४ गिगाहर्ट्झच्या जवळपास तीच अवस्था. एमआयटीच्या संशोधकांनी २०१८ साली ‘सोफी’ हा रोबो-मासा फिजीच्या प्रवाळांमध्ये पंधरा मीटरहून खोल पोहवला, तो रेडिओवर नव्हे, ध्वनिलहरींच्या संदेशांवर. आपल्या हौसेच्या खर्चात ते बसत नाही.

आता ज्या गोष्टीने माझे सर्वांत जास्त नुकसान केले तिच्याकडे येतो. ४० मेगाहर्ट्झचा नवा संच इथे दुकानात मिळत नाही, त्यामुळे मी परदेशातून एक जुना, वापरलेला संच मागवला. पार्सल देशात पोहोचले आणि एका कार्यालयात अडकले. त्या कार्यालयाचे नाव मी लिहिणार नाही. कागदावर ‘ट्रान्समीटर’ हा शब्द होता, म्हणून मान्यतेचे प्रमाणपत्र मागण्यात आले. उत्पादकाने ते मॉडेल बनवणेच बंद केलेले असल्यामुळे ते प्रमाणपत्र कोणी देऊ शकत नव्हते. प्रमाणपत्र मागणे हा त्यांचा अधिकार आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती त्यापुढच्या वागणुकीबद्दल. पहिल्या टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे, तिथून पुन्हा पहिल्याकडे, मग साहेब रजेवर, मग फाइल वर गेली आहे, आणि या सगळ्यात ‘हे पार्सल या नियमाखाली सोडता येत नाही’ असे एक वाक्य लिहून द्यायला कोणी तयार होईना. तोंडी नकाराविरुद्ध अपील करता येत नाही. लेखी नकार मिळाला असता, तर मी तिथल्या तिथे दुसरा मार्ग धरला असता. तसे न झाल्यामुळे साठवणुकीचे शुल्क चढत गेले, पाणी नितळ असण्याचा हिवाळ्याचा सबंध हंगाम वाया गेला आणि अखेरीस पार्सल परत गेले, तेही मला न कळवता. एखादे लहान मूल शाळेत विज्ञानाचा प्रकल्प म्हणून असे काही करू पाहत असेल, तर ते या वाटेने किती दिवस टिकेल, हा विचार माझ्या मनातून अजूनही जात नाही.

यातून तुमच्या उपयोगाचे एवढेच आहे. परदेशातून कोणताही ट्रान्समीटर मागवण्याआधी त्या वारंवारितेला आणि त्या शक्तीला सध्या परवान्यातून सूट आहे का, हे दूरसंचार विभागाच्या चालू अधिसूचनेत स्वतः वाचा. २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ हा पट्टा आपल्याकडे परवानामुक्त आहे, पण परवानामुक्त वापर आणि आयातीसाठी लागणारी मान्यता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ४३३च्या बाबतीतही शक्तीची आणि वापराची मर्यादा पाहूनच पाऊल टाका. पार्सल अडकलेच, तर पहिल्याच भेटीत लेखी अर्ज द्या, त्याच्या प्रतीवर आवक शिक्क्यासह पोच घ्या आणि उत्तर न आल्यास माहितीच्या अधिकारात विचारा. मी वकील नाही आणि नियम बदलत असतात, तेव्हा माझ्या शब्दावर विसंबून पैसे भरू नका.

माझे स्वतःचे मत विचाराल, तर आता मी परदेशी संचाच्या वाटेला जाणारच नाही. शार्कला निसर्गाने पाठीवर उंच पर दिला आहे, त्याचा उपयोग करा. रिसीव्हरची अँटेना त्या पराच्या टोकापर्यंत न्या, टोक जलरोधक करा, आणि शार्क असा तरंगवा की फक्त तो पर पाण्याबाहेर राहील. तुमचा आहे तोच २.४ गिगाहर्ट्झचा संच मग तळ्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत चालेल. काठावरून पाहणाऱ्याला दिसते तेही मुळात पाणी कापत येणारा परच. बुडी मात्र रिमोटने मारायची नाही, ती आतल्या मायक्रोकंट्रोलरवर (प्रोग्रॅम चालवणाऱ्या चिपवर) सोपवायची: एका बटणावर छातीचे पर खाली वळतात, शेपूट ठरावीक सेकंद जोरात चालते, आणि मग शार्क आपोआप वर येतो. पराची चौकट कार्बन फायबरची करू नका, ते रेडिओलहरी अडवते. फायबरग्लास किंवा प्लास्टिक चालेल.

हे जमण्यासाठी शार्क पाण्यापेक्षा किंचित हलका असलाच पाहिजे. खऱ्या शार्कचे उलट असते. त्याला वाताशय (तरंगायला मदत करणारी हवेची पिशवी) नसतो, तेलाने भरलेले मोठे यकृत असूनही बहुतेक जाती पाण्यापेक्षा थोड्या जड असतात आणि पोहणे थांबले की हळूहळू खाली जातात. मॉडेलमध्ये हे अनुकरण अजिबात नको. आठ किलोच्या शार्कला तीस ते पन्नास ग्रॅमची उचल शिल्लक ठेवा. त्याहून जास्त ठेवली तर संथ वेगात छातीचे पर त्याला खाली ओढू शकत नाहीत. हे वजन ठरवताना शार्क आदल्या रात्रीपासून पाण्यात ठेवा, कारण कातड्याखाली आणि परांच्या मुळाशी अडकलेले बुडबुडे सुटायला वेळ लागतो. पोट अंगठ्याने शेपटीच्या दिशेने दाबत गेलात, तर कल्ल्यांच्या चिरांमधून बुडबुड्यांची माळ बाहेर पडताना दिसेल. ती थांबेपर्यंत शिशाचा एक तुकडाही चिकटवू नका. आत भरलेला फोम कडक आणि बंद पेशींचा असावा, मऊ फोम खोलीवर दबतो आणि उचल नेमकी हवी तेव्हाच कमी होते. आणखी एक बाब सहसा कोणी सांगत नाही. पंधरा अंशांचे पाणी तीस अंशांवर गेले की किलोमागे साधारण साडेतीन ग्रॅम उचल घटते, म्हणजे आठ किलोला सत्तावीस-अठ्ठावीस ग्रॅम. जानेवारीत जुळवलेला शार्क मे महिन्यात तसाच सोडला, तर तो वर येईलच याची खात्री देता येत नाही.

संपर्क तुटल्यावरही शेपूट हलत राहते, ते का, हे तुमच्या वर्णनावरून कळते. शेपटीची लय तुम्ही मायक्रोकंट्रोलरकडून घेत आहात आणि संपर्क तुटल्यावर रिसीव्हर शेवटचा आकडाच पुढे पाठवत राहतो, त्यामुळे कंट्रोलरला काही बिघडले आहे हे कळतच नाही. रिसीव्हरच्या फेलसेफमध्ये (संपर्क तुटल्यावर कोणता आकडा पाठवायचा ते ठरवणाऱ्या सोयीत) वेगाच्या चॅनेलला नेहमीच्या पट्ट्याबाहेरचा, ९०० मायक्रोसेकंदांसारखा आकडा भरा, आणि तो आकडा दिसताच शेपूट मध्यावर थांबवून पर सपाट करण्याची आज्ञा प्रोग्रॅममध्ये लिहा. बाकीचे काम उचल करील. पाण्यात उतरवण्याआधी जमिनीवर ट्रान्समीटर बंद करून हे तपासा. न तपासलेल्या फेलसेफवर मी तरी विसंबणार नाही.

बॅटरीबाबत एक गोष्ट मूळ प्रश्नात नसली तरी सांगणे मला आवश्यक वाटते. निकेल किंवा शिसे-आम्ल बॅटरी बंद डब्यात चार्ज करू नका, कारण त्यातून हायड्रोजन निघतो आणि साठलेल्या हायड्रोजनला सर्वोच्या मोटारीतली एक ठिणगीही पुरते. झाकण उघडूनच चार्ज करा, लिथियमची बॅटरी असेल तर बाहेर काढून.

तुम्ही शेततळ्यात चाचणी घेणार असे लिहिले आहे, म्हणून हे कळकळीने सांगतो. प्लास्टिकचे अस्तर असलेल्या तळ्याचा उतार ओला झाला की त्यावर पाय ठरत नाही, आणि चांगला पोहणारा माणूससुद्धा तिथून बाहेर येऊ शकत नाही. आपल्याकडे दरवर्षी अशा तळ्यांत माणसे आणि मुले बुडून मरतात. शार्क तळाशी बसला तर बसू द्या. त्याच्या पाठीला आधीपासून मासेमारीची बारीक नायलॉन दोरी बांधलेली असू द्या, काठावर गाठी मारलेला जाड दोर कायम सोडून ठेवा आणि एकट्याने जाऊ नका.

तळ्याच्या पाण्याचा टीडीएस, पाठीच्या पराची उंची आणि शार्कचे कोरडे वजन एवढे कळवलेत, तर अँटेना कुठवर न्यावी आणि बुडीला किती सेकंद द्यावेत, याचा हिशेब मी करून देईन.