खाली दुकानं नकोत म्हणून पुनर्विकास अडवता येतो का?

प्रश्न: मुलुंड पूर्वेला आमची तळमजला अधिक तीन मजल्यांची, ३६ सभासदांची सोसायटी आहे. इमारतीने चाळिशी ओलांडली. बिल्डर निवडायच्या सभेला २९ जण होते. हात वर करून १९ जणांनी एकाला पसंती दिली. त्याच्या नकाशात खालचे दोन मजले दुकानं आणि हॉटेल. आम्ही दहा जणांनी विरोध केला. सेक्रेटरी म्हणतात, बहुमत झालं, अडवलंत तर कोर्ट घराबाहेर काढेल. खरं आहे का?

उत्तर: सेक्रेटरींचं ‘कोर्ट घराबाहेर काढेल’ हे वाक्य बरंचसं खरं आहे. सोसायटीचा रीतसर ठराव झाला की एकट्यादुकट्या सभासदाचा विरोध त्यापुढे टिकत नाही. अडून बसलेल्यांना घर रिकामं करायला लावणारे आदेश मुंबई उच्च न्यायालय लवाद कायद्याच्या कलम ९ खाली (वाद मिटेपर्यंतच्या तात्पुरत्या आदेशांचं कलम) देत आलं आहे. २००९ मध्ये त्याच न्यायालयाच्या खंडपीठानेही ते उचलून धरलं. तेव्हा ‘आम्ही सहीच करणार नाही’ हा पवित्रा सोडा.

आधी ठराव तपासा. सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९-अ खालचा, पुनर्विकासाची पद्धत ठरवणारा ४ जुलै २०१९ चा शासन निर्णय तुम्हाला लागू आहे. (म्हाडा कायद्यातही ७९-अ आहे, पण तो उपकरप्राप्त, म्हणजे म्हाडाला दुरुस्तीचा उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतींचा. व्हॉट्सअ‍ॅपवर दोन्हींची खिचडी फिरते.) गणपूर्ती (सभेला लागणारी किमान हजेरी) दोनतृतीयांश, म्हणजे २४, ती झाली. पण निवडीला एकूण सभासदांच्या ५१ टक्क्यांची लेखी संमती लागते. ३६ चे ५१ टक्के १८.३६, म्हणजे १९ जण. तुमचा ठराव बरोबर काठावर उभा आहे. हात वर करणं ही लेखी संमती नव्हे. शिवाय एकाच घरातून नवरा-बायको दोघांचे हात मोजले गेले नाहीत ना, हे बघा. संयुक्त नावाच्या घराला मत एकच. या सभेला सहकारी संस्थांच्या निबंधकांचा प्राधिकृत अधिकारी हजर असावा लागतो आणि चित्रीकरणही व्हावं लागतं. इतिवृत्त, हजेरीपट, संमतीपत्रं आणि चित्रीकरणाची प्रत लेखी अर्जाने मागा; अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या.

फार हुरळू मात्र नका. उच्च न्यायालयाने शासन निर्णयातल्या या सूचना बंधनकारक नव्हे तर मार्गदर्शक मानल्या आहेत, त्यामुळे केवळ चित्रीकरण नाही म्हणून ठराव कोसळत नाही. संमतीचा आकडाच कमी भरला तर मुद्द्यात दम आहे. मग टी विभागाच्या (मुलुंडचा विभाग) उपनिबंधकांकडे तक्रार आणि कलम ९१ खाली सहकार न्यायालयात दावा, सोबत तात्पुरत्या स्थगितीचा अर्ज. हे विकास करारनामा (सोसायटी आणि बिल्डरमधला करार) नोंदणी होण्याआधी करा. नोंदणी झाली, काही घरं रिकामी झाली, की स्थगिती मिळणं फार अवघड.

माझ्या मते खरी लढाई करारनाम्यात आहे. दुकानांचा भाव घरांपेक्षा चढा असतो. त्याच पैशातून तुमचं वाढीव क्षेत्रफळ आणि कॉर्पस (बिल्डर सभासदांना देतो ती रोख रक्कम) येतो. दुकानं पूर्ण काढा म्हटलंत तर ते १९ जण तुमच्याविरुद्ध एक होतील. ‘एकच मजला, आणि स्वयंपाकघर असलेलं हॉटेल नको’ म्हटलंत तर त्यातले निम्मे तुमच्या बाजूला येतील. विशेष सर्वसाधारण सभा मागायला एकपंचमांश सभासद पुरतात. तुमच्या सोसायटीत आठ लागतात, तुम्ही दहा आहात. करारनाम्याचा मसुदा हा एकच विषय लिहून मागणीपत्र द्या. समितीला महिन्याभरात सभा घ्यावी लागते.

मसुद्यात काय हवं? दुकानदार त्याच सोसायटीचे सभासद झाले तर आदर्श उपविधींप्रमाणे सेवाशुल्क सगळ्यांना सारखं, क्षेत्रफळ कितीही असो. हजार फुटांचं दुकान वॉचमन आणि सफाईचे तेवढेच पैसे देणार जेवढे तुमचं वन बीएचके देतं. शिवाय प्रत्येक दुकानदाराला सभेत एक मत. म्हणून दुकानांची सोसायटी वेगळी, किंवा निदान प्रवेश, जिना, पाण्याची टाकी व मीटर, पार्किंग आणि कचऱ्याची जागा वेगळी, असं कलम घाला. गच्ची, बाहेरच्या भिंती आणि फलकांचे हक्क सोसायटीकडे ठेवा. दुकानासमोरच्या मोकळ्या जागेत टेबल-खुर्च्या मांडायच्या नाहीत. सोसायटीच्या लेखी मंजुरीशिवाय नकाशात बदल नाही.

बहुतेक ठिकाणी चूक होते ती इथे: हॉटेल, बार यांवरची बंदी फक्त विकास करारनाम्यात लिहिली जाते. दुकान घेणाऱ्याने त्यावर सही केलेली नसते आणि तो हात वर करतो. तीच बंदी प्रत्येक दुकानाच्या विक्री करारात शब्दशः यायला हवी, आणि दुकान पुढे विकलं किंवा भाड्याने दिलं तरी ती लागू राहील असंही लिहा.

बाकीचं थोडक्यात. शासन निर्णयानुसार प्रकल्प खर्चाच्या २० टक्के बँक गॅरंटी घ्या. महारेराकडे (बांधकाम प्रकल्पांवरचं राज्याचं नियामक प्राधिकरण) विक्रीच्या भागाची नोंदणी होते. खरेदीदारांचे ७० टक्के पैसे वेगळ्या खात्यात राहतात, पण जुन्या सभासदाला तिथे सहज दाद मिळत नाही, त्याचा आधार ही गॅरंटीच. सगळ्या परवानग्या आणि तुमच्या नावाचा स्वतंत्र करार नोंदणी होईपर्यंत किल्ली देऊ नका. त्या करारावर जुन्या जागेबदल्यातल्या घरासाठी पुन्हा मुद्रांक शुल्क लागत नाही, असं उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे. पैसे मोजून घेतलेल्या जादा क्षेत्रफळावर मात्र लागतं.

आणि मिळकत पत्रिका (जमिनीच्या मालकीचा सरकारी उतारा) काढून बघा. जमीन अजून जुन्या बिल्डरच्या नावावर असेल तर आधी मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे बिल्डरच्या सहीशिवाय जमीन सोसायटीच्या नावावर, करून घ्यावं लागेल. अर्ज नमुना ७ मध्ये, जिल्हा उपनिबंधकांकडे. त्यात जे महिने जातील, तेवढेच तुम्हाला वरची कलमं लिहून घ्यायला मिळतील.