कावळा कुंडीत भाकरी पुरतो, त्याला ती परत सापडते का?

प्रश्न: आमच्या गच्चीवर रोज एक कावळा येतो, मी टाकलेली भाकरी निम्मी खातो आणि उरलेला तुकडा कुंडीतल्या मातीत खुपसून वर वाळकं पान ठेवून जातो. हा पावसाळ्याची बेगमी करतोय का? आणि त्याला जागा आठवते का? सासूबाई म्हणतात विसरतो, मला नाही तसं वाटत.
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर: ताई, तुमचं बरोबर आहे, आठवते त्याला. पण बेगमी पावसाळ्याची नाही. आपल्याकडचा कावळा एकदम जास्त मिळालं की उरलेलं तेवढ्यापुरतं लपवतो आणि बहुतेक वेळा काही तासांत नाहीतर एक-दोन दिवसांत काढून खातो, कारण भाकरी काय किंवा मटणाचा तुकडा काय, सोलापूरच्या उन्हात टिकणार किती? आणि सगळं एका जागी ठेवत नाही, एक तुकडा कुंडीत, एक पत्र्याच्या फटीत, एक कौलाखाली, म्हणजे एखादा चोरीला गेला तरी बाकीचे राहतात.

महिनोन्‌महिने साठवणारे भाऊबंद वेगळे. उत्तर अमेरिकेतला क्लार्क्स नटक्रॅकर हा कावळ्याच्याच कुळातला पक्षी पाईनच्या हजारो बिया जमिनीत पुरतो आणि आजूबाजूचे दगड, झाडं यांच्या खुणेवर हिवाळ्यात बर्फ उकरूनसुद्धा शोधून काढतो.

मला सगळ्यात भारी वाटतो तो स्क्रब जे, हाही त्याच कुळातला. निकोला क्लेटन आणि अँथनी डिकिन्सन या शास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये दाखवलं की त्याला कुठे ठेवलं एवढंच नाही, काय ठेवलं आणि कधी ठेवलं हेही लक्षात राहतं. अळ्या आणि शेंगदाणे दोन्ही लपवलेले असले तर चार तासांनी तो त्याच्या आवडत्या अळ्यांकडे जायचा, पण अळ्या लवकर नासतात हे एकदा अनुभवलं की पाच दिवसांनी सरळ शेंगदाण्यांकडेच! पुढे २००१ मध्ये क्लेटन आणि नेथन एमरी यांना दिसलं की ज्या पक्ष्याने स्वतः कधी दुसऱ्याचं चोरलंय तो, लपवताना कोणी बघत होतं तर नंतर एकटा असताना येऊन जागा बदलतो. ज्याने चोरी केलेली नाही तो सहसा असं करत नाही.

म्हणून तुमच्या कावळ्याने तुकडा काढून दुसरीकडे नेला तर विसरभोळा समजू नका, आसपास दुसरा कावळा बसलाय का ते बघा. कुंडीतला तुकडा तुम्ही उकरून फेकू नका प्लीज, त्याचा तो घेऊन जाईल. शेजारी पसरट भांड्यात पाणी ठेवा, कडक भाकरी कावळे पाण्यात बुडवून मऊ करून खातात. आणि गच्चीवरच्या टाकीचं झाकण तेवढं नीट लावून ठेवा.