मध्ययुगीन इस्लामी समाजात धर्माने वैद्यक आणि तत्त्वज्ञान या दोन्हींची गळचेपी केली का?

तत्त्वज्ञानाशी धर्माचं वाजलं, हे खरं. वैद्यकाशी मात्र बरंच जमलं होतं. प्रश्नात तुम्ही दोघांना एकाच दावणीला बांधलंय, तिथेच घोळ होतो. (अर्थात अरबीत 'हकीम' म्हणजे वैद्यही आणि तत्त्वज्ञही. आपल्याकडे पोचेपर्यंत 'हिकमत'ची नुसती युक्ती झाली, ते सोडा.)

गझाली या धर्मशास्त्र्याने विज्ञान बुडवलं, असंही नेहमी म्हटलं जातं. १०९५ साली त्याने तत्त्ववेत्त्यांवर जो ग्रंथ लिहिला त्यात वीस मुद्दे आहेत. त्यांतले तीनच त्याने थेट धर्मबाह्य ठरवले: जग अनादि आहे, ईश्वराला एकेका गोष्टीचं वेगळं ज्ञान नसतं आणि मेलेली शरीरं पुन्हा उठत नाहीत. तिन्हींत वैद्यकाचं नावही नाही. उलट 'इह्या' या आपल्या धर्मग्रंथात तोच गझाली वैद्यकाला 'फर्जे किफाया' म्हणतो, म्हणजे गावातल्या कोणीतरी केलंच पाहिजे असं कर्तव्य. कोणीच केलं नाही तर पाप सगळ्यांच्या माथी. पुढे तो चिडून लिहितो की कित्येक गावांत ज्यू किंवा ख्रिस्ती सोडून वैद्य सापडत नाही, तरी आपली मुलं धर्मशास्त्राकडेच धावतात. का, तर त्यात काझीपद मिळतं आणि वक्फची, अनाथांच्या मालमत्तेची व्यवस्था हाती येते. हे वाचताना मला आपल्या स्पर्धा परीक्षांचे क्लास आठवले, खरं सांगतो.

माझा आवडता माणूस इब्न नफीस. दमास्कसमध्ये वैद्यक शिकला, कैरोत नावारूपाला आला, आणि शाफई या इस्लामी कायद्याच्या पंथाचा धर्मशास्त्रीही होता. तत्त्वज्ञ-वैद्य इब्न सीनाच्या 'कानून' या वैद्यकग्रंथातल्या शरीररचनेवर त्याने १२४२ मध्ये भाष्य लिहिलं. गेलन या प्राचीन ग्रीक वैद्याच्या काळापासून सगळे मानत होते की हृदयाच्या मधल्या पडद्याला बारीक छिद्रं असतात आणि रक्त त्यांतून उजवीकडून डावीकडे झिरपतं. हा म्हणाला, पडदा जाड आहे, छिद्रं नाहीत, दिसणारी नाहीत आणि न दिसणारीही नाहीत. मग रक्त जाणार कुठून? फुप्फुसात जाऊन, हवेत मिसळून, डाव्या कप्प्यात परत येणार. युरोपात हेच छापून यायला १५५३ उजाडलं. आणि गंमत म्हणजे त्याच भाष्यात तो लिहितो की शरियत आणि आपल्या स्वभावातली दया यांमुळे आम्ही विच्छेदन करत नाही! आता हे खरंच केलं नाही, की केलं आणि पांघरूण घातलं, यावर अभ्यासक अजून भांडतात.

धर्म आणि वैद्यक समोरासमोर आले ते साथीच्या प्रश्नावर. 'संसर्ग असं काही नसतं' असं पैगंबरांचं वचन. एका बदूने, म्हणजे वाळवंटातल्या भटक्या अरबाने, विचारलं होतं, खरजेचा उंट कळपात शिरला की बाकीच्यांना खरूज होते, ते कसं? उत्तर मिळालं, मग पहिल्याला कोणी दिली? दुसरीकडे 'महारोग्यापासून सिंहापासून पळावं तसा पळ' हेही वचनच. १३४८ च्या प्लेगनंतर स्पेनमधल्या ग्रॅनडाचा वजीर आणि वैद्य इब्न अल-खतीब याने सरळ लिहिलं की संसर्ग अनुभवाने सिद्ध आहे: रोग्याचा कपडा, भांडं, कानातलं डूलसुद्धा घरात रोग आणतं, आणि साथीच्या गावाहून जहाज आलं की निरोगी बंदर आजारी पडतं. डोळ्यांना दिसतं त्याच्याशी वचन जुळत नसेल तर वचनाचा अर्थ नव्याने लावायला हवा, असं तो म्हणाला. पुढे १३७४ मध्ये मोरोक्कोतल्या फेजच्या तुरुंगात त्याचा गळा आवळला गेला. आरोप पाखंडाचा होता, पण मुळात ते दरबारी वैर होतं. प्लेगच्या पुस्तकामुळे मेला असं कोणी सांगितलं तर लगेच मान डोलावू नका.

माणसंही एका साच्यातली नव्हती. इब्न सीना आत्मचरित्रात सांगतो, तर्काचं कोडं सुटेना की मशिदीत जाऊन प्रार्थना करायचो आणि रात्री वाचताना पेंग आली की पेलाभर मद्य घ्यायचो. इब्न नफीस १२८८ मध्ये अंथरुणाला खिळला तेव्हा वैद्य मित्रांनी त्याला औषध म्हणून मद्य घ्यायला सांगितलं. पोटात मद्य घेऊन मी अल्लाहला भेटणार नाही, असं म्हणून त्याने ते नाकारलं. घर आणि सगळी पुस्तकं मात्र सुलतान कलावूनने कैरोत बांधलेल्या रुग्णालयाला देऊन गेला.