नीतितत्त्वज्ञाची कारकीर्द

प्रश्न : माझी मुलगी तत्त्वज्ञान विषय घेऊन बी. ए.च्या शेवटच्या वर्षात आहे. नीतिशास्त्राचाच पुढे अभ्यास करून प्राध्यापक व्हायचे, असे तिने ठरवले आहे. फिलिपा फूट या ब्रिटिश विदुषीचे नाव ती सतत घेते. अशी कारकीर्द घडते कशी आणि आमच्या मुलीला ती वाट धरता येईल का?
– एक पालक, अंबाजोगाई

उत्तर : फिलिपा फूट (१९२०–२०१०) ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल कॉलेजात शिकल्या आणि १९४७ पासून तेथेच शिकवू लागल्या. नाझी छळछावण्यांची छायाचित्रे १९४५ मध्ये समोर आली, तेव्हा ‘हे दुष्ट कृत्य आहे’ या विधानामागे बोलणाऱ्याच्या भावनेपलीकडे काही नसते, हे त्या काळचे प्रतिष्ठित मत त्यांना पटेना. पुढची सारी वर्षे त्यांनी याच प्रश्नाला दिली. १९६९ मध्ये ऑक्सफर्डमधील पद सोडून त्या अमेरिकेकडे वळल्या आणि १९७६ पासून १९९१ मध्ये निवृत्त होईपर्यंत लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात प्राध्यापक होत्या. पाच कामगारांना वाचवण्यासाठी ट्रॅम एकाच्या अंगावर वळवावी का, हा आज सर्वत्र चर्चिला जाणारा पेच त्यांच्या १९६७ मधील निबंधातला.

मला अधिक मोलाचे वाटते ते त्यांचे मत बदलणे. न्यायाने वागण्यास प्रत्येकाजवळ कारण असते, असे त्यांनी १९५८च्या सुमारास मांडले. १९७२ मध्ये, ज्याला इतरांच्या हिताची आस्थाच नाही त्याच्याजवळ असे कारण असेलच असे नाही, असे उघडपणे लिहिले. आणि तेही मत पुढे सोडून, जशी खोल व बळकट मुळे झाडाच्या जातीला साजेशी म्हणून चांगली, तसे सद्गुण माणसाच्या जगण्याला आवश्यक म्हणून चांगले, हा विचार वयाच्या ऐंशीनंतर, २००१ मध्ये, पुस्तकरूपाने सिद्ध केला. त्याआधी त्यांच्या नावावर मुख्यतः निबंधच होते. शोधनिबंधांची संख्या मोजण्याच्या आजच्या पद्धतीत एवढी सवड मिळणे कठीण आहे, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते.

फूट यांनी डॉक्टरेट केली नव्हती. आज मात्र तेवढ्यावर भागत नाही. साहाय्यक प्राध्यापकपदासाठी एम. ए.ला किमान ५५ टक्के (राखीव प्रवर्गांना ५० टक्के) गुण आणि त्यासोबत नेट किंवा सेट (अध्यापनासाठीच्या अनुक्रमे राष्ट्रीय व राज्य पातळीवरील पात्रता परीक्षा) किंवा नियमानुसार केलेली पीएच. डी. लागते. नेटमध्ये वरच्या क्रमांकाने कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली, तर पीएच. डी.च्या वर्षांत घरावर भार पडत नाही. म्हणून तयारी एम. ए.च्या पहिल्या वर्षापासूनच व्हावी. पात्रता मिळूनही अनेकांना तासिका तत्त्वावर, म्हणजे तासागणिक मानधनावर, काही वर्षे काढावी लागतात, याची कल्पना आपण दोघांनीही ठेवावी. एम. ए.साठी पुणे विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागाचा विचार करता येईल. तूर्त तिने १९६७चा तो निबंध मूळ इंग्रजीतून वाचावा आणि त्यातला युक्तिवाद आपल्याला मराठीत समजावून सांगावा; आपण शंका काढत राहावे.