प्रोजेक्टसाठी पोरांचे गट पाडायच्या आधी
मॅडम, पहिल्याच सत्रात माणसांना १६ स्वभावप्रकारांत बसवणारी एमबीटीआय चाचणी घेऊन पोरांच्या कपाळावर शिक्के मारू नका. मी मारले होते; 'मी अंतर्मुख आहे नं सर' म्हणत एक पोरगा वर्षभर सादरीकरणातून सुटला! त्यापेक्षा स्वभावाचे ५ पैलू मोजणारी बिग फाइव्ह प्रश्नावली बरी. त्यात कामातला काटेकोरपणा आधी बघा, सगळे ढिले एकाच गटात नकोत.

– उत्तरं मार्कांना जोडू नका, पोरं खोटं भरतात.
– निकाल ज्याचा त्यालाच दाखवा.

कोणाची प्रेरणा काय, हे कळायला सुरुवातीला चाचणी कशाला? नागपुरात आहात, तर्री-पोह्याच्या ठेल्यावर विचारा, 'या प्रोजेक्टमधून तुला काय पाहिजे?' कोणी प्लेसमेंट म्हणेल, कोणी नुसतं पास. हे दोघं एका गटात आले की भांडण ठरलेलं. कामाची वाटणी पहिल्याच आठवड्यात कागदावर सह्यांसकट घ्या.