सिस्टरांचा दवाखाना अन् बाळंतपण

प्रश्न : आमच्या तालुक्याच्या गावी सिस्टरांचा दवाखाना आहे, माझा जन्म तिथलाच अन् माझ्या पोराचाही. पण आजी तिच्या आईचं ऐकलेलं सांगते का पहिले नन्स औषध द्यायच्या, जखमा बांधायच्या, पण बाळंतपणाला हात लावत नव्हत्या. हे खरं हाय का? अन् असं काहून?
– एक वाचक, जि. चंद्रपूर

उत्तर : ताई, आजी सांगतात तसा नियमच होता. व्रत घेतलेल्या बाईनं बाळंतपण करू नये, ऑपरेशन करू नये, असं कॅथलिक चर्चचं बंधन होतं आणि ते थेट 1936 पर्यंत चाललं. इकडं आपल्या बायका पुरुष डॉक्टरला अंग दाखवायला तयार नव्हत्या, म्हणजे सुईणीच्या हातून अडलं की बाई गेलीच समजा.

हे ॲग्नेस मॅक्लारेन नावाच्या स्कॉटिश डॉक्टरीणबाईंना सहन झालं नाही. रावळपिंडीला बायका-लेकरांसाठी दवाखाना काढण्यामागं त्याच होत्या, आणि नियम बदला म्हणून त्यांनी रोमला पुन्हा पुन्हा खेटे घातले, तेही साठी उलटल्यावर! 1913 ला त्या गेल्या, नियम तसाच होता. पण त्यांच्याबद्दलची एक पुस्तिका ऑस्ट्रेलियात मेरी ग्लॉवरी या तरुण डॉक्टरच्या हाती पडली आणि ती चांगली चाललेली प्रॅक्टिस सोडून 1920 मध्ये आंध्रातल्या गुंटूरला आली, नन झाली, पोपच्या खास परवानगीनं डॉक्टरकी करत राहिली, तेलुगू शिकली. छोट्या डिस्पेन्सरीचं पुढं सेंट जोसेफ हॉस्पिटल झालं. मला सगळ्यात मोठं वाटतं ते हे की तिनं तिथल्याच मुलींना नर्स, दाई, कंपाउंडर म्हणून तयार केलं. तिकडं रावळपिंडीत काम केलेल्या ॲना डेंगल यांनी 1925 मध्ये डॉक्टर-नर्स बायांचा वेगळा संघच काढला.

शेवटी 11 फेब्रुवारी 1936 ला रोमहून आदेश निघाला आणि नन्सना बाळंतपण, डॉक्टरकी सगळं मोकळं झालं. नियम आपोआप नाही सुटला, या बायांनी तो सोडवून घेतला. 1943 मध्ये मेरीबाईंनीच देशभरच्या कॅथलिक दवाखान्यांची संघटना बांधली.

आता तुमच्या दवाखान्याचं म्हणाल, तर तिथल्या सिस्टरांना जुनं बाळंतपणाचं रजिस्टर विचारा. पहिली नोंद कोणत्या सालची, बाळंतपण कोणी केलं, एवढं जरी मिळालं तरी आम्हाला नक्की लिहून पाठवा.